उपाशीपोटी

सातच्या आत शहापूरहून निघालो, पोटात फक्त पाणी.
पिशवी कलावतीनं भरलेली:
मिक्सरचं भांडं, पात्याखाली गळणारं,
लाइटबिल, तिच्या चष्म्याची निखळलेली काडी,
आणि तळाला डबा. दोन चपात्या, गवारीची भाजी.
‘रगात दिल्यावरच खावा. आधी वास बी घेऊ नका.’

लाल बस आली. कपाळावर कानडी.
आकडे मला येतात, अक्षरं अडतात.
एवढ्या भांडवलावर त्रेसष्ट वर्षं निघाली;
बसचा नंबर कधी चुकला नाही,
गाव कुठलं ते कंडक्टरला विचारायचं.

दवाखान्याच्या बाकावर सगळे उपाशी,
कुणी कुणाशी बोलत नाही.
‘दामणेकर! दामणेकर यार्री?’
धामणेकर मी. पण ध साठी भांडायला
पोटात काहीतरी हवं.
(नातू सांगतो, कानडीत द आणि ध सारखेच,
खाली फक्त एक बारीक रेघ.
ती कुठंतरी गळली असणार, मिक्सरसारखी.)

नर्सनं दंडाला रबर आवळलं.
‘मुष्टी माड्री.’
मूठ आपोआप वळली, तिला भाषांतर लागलं नाही.
‘ऊट माडी एरड तासिगे बर्री.’
तास त्यांचा का आमचा, कोण जाणे.
दोन मिळाले, ते घेऊन बाहेर पडलो.

बिलाच्या रांगेत चाळीस मिनिटं.
चष्मेवाल्यानं काडी बसवली, पैसे घेतले नाहीत,
‘अक्कांना सांगा, झोपताना काढत जावा.’
मिक्सरवाला म्हणाला, वायसर मिळत नाही, नवीनच घ्या.
मी लेथवरचा माणूस. वायसर मिळत नाही म्हणजे काय?
पण डोकं हलकं झालेलं, वाद घातला नाही.

परत येऊन लिंबाच्या कट्ट्यावर डबा उघडला.
शेजारी बाकावरचीच एक म्हातारी,
हातात माझ्यासारखाच कापसाचा बोळा, डबा नाही.
हारुगेरीहून पहाटेच्या गाडीनं आलेली.
पुढं ती बरंच काही बोलली, मला ‘मगा’ एवढं कळलं:
मुलगा. त्याचं काय, ते नाही कळलं.
एक चपाती तिच्या हातावर ठेवली.
तिनं आधी कपाळाला लावली, मग खाल्ली.

दुसऱ्या सुईला पोरानं विचारलं,
‘ऊट पूर्ती आतेन्री? पोटभर?’
हौद म्हणालो.
आयुष्यभर उद्यमबागेत मायक्रोमीटर धरला,
केसाइतका फरक पडला तर जॉब बाद केला,
आणि आज एका चपातीचा फरक
सरळ रक्तात घालून आलो.

संध्याकाळी टीव्ही.
मराठी बातम्यांत हवामान सांगणारी बाई
ढग घेऊन चंदगडपर्यंत आली
आणि तिथून मागं फिरली, तिचा नकाशाच संपला.
कलावतीनं कानडी चॅनेल लावलं.
तिथं आम्ही आहोत, अगदी वरच्या कोपऱ्यात,
बरोबर चॅनेलच्या शिक्क्याखाली.
‘मग उद्या पापड घालू का नको?’
उठली, खिडकीतून आभाळ बघून आली. ‘घालते.’

मालिका सुरू व्हायला नातवाच्या मोबाइलवर रिपोर्ट आला.
जेवणानंतरचा आकडा एकशे सेहेचाळीस.
‘बघा, म्हणजे दोन चपात्या चालतात की तुम्हाला!’
काडी बसवलेल्या चष्म्यातून ती दोनदा वाचत राहिली,
इतकी खूश, की मी तोंड उघडलं
आणि मिक्सरचंच सांगितलं.

ताटात दोन वाढल्या.
पहिली नेहमीसारखी गेली.
दुसरीचा घास मोडताना वाटलं,
हारुगेरीची शेवटची गाडी किती वाजता असते,
आणि तिला तरी
आकडे येत असतील का.